कानपिळीच्या फोटोतला मावसभाऊ

यतिन हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव लिहिलं तर माझा भाषांतराचा परवाना जाईल, आणि तेवढी त्याची किंमत नाही.

मी शोभा. सिडनीत हॅरिस पार्कला एका मिठाईच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि मराठी कागदांचं इंग्रजी करून देते. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, क्वचित एखादा सातबारा. प्रत्येक पानावर माझा शिक्का बसतो, आणि शिक्क्याखाली मी लिहून देते की मुळात जे आहे तेच इथे आहे. काम झालं की मूळ कागद मी मोठ्याने वाचते, समोरच्याने प्रत्येक ओळीला हो म्हणायचं, मगच शिक्का. काही लोकांना याचा कंटाळा येतो. येऊ दे. सव्वीस वर्षं मी असंच करत आलेय आणि त्यामुळे माणसं नेमकी कुठे अडखळतात ते मला पाठ झालंय.

यतिन पहिल्यांदा आला तेव्हा बाहेर चाळीस डिग्री होते आणि याने फुल शर्ट इस्त्री करून घातला होता. हातात निळी फाईल. लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायको सांगलीत, आणि तिला पार्टनर व्हिसावर आणायचं होतं. या व्हिसाला सरकारला बघायचं असतं की हे नातं खरं आहे की कागदावरचं. कसे भेटलात, काय बोलता, घर कसं चालवायचं ठरवलंय, तुमच्या लोकांना हे लग्न माहीत आहे का. त्यासाठी लोक फोटो देतात, मेसेजेस देतात, पत्रिका देतात. मराठीत असेल ते माझ्याकडे येतं.

फाईल उघडली तर पहिल्याच पानावर गणपती. खाली नाव, रास, नाडी, गोत्र, उंची, रक्तगट, ‘निर्व्यसनी व मनमिळाऊ’. लग्नाच्या बाजारात फिरवलेला बायोडाटा याने ऑस्ट्रेलिया सरकारला दाखवायला आणला होता. मागे बी.कॉम.ची मार्कशीट, चिंचवडच्या शाळेतलं बुद्धिबळाचं तिसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट, एका मंत्र्याच्या मागे उभा असलेला फोटो. व्हिसा ऑफिसर म्हणजे मुलीचा बाप, त्याच्यापुढे स्थळ चांगलं दिसलं पाहिजे, असं याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि स्थळात जे झाकतात ते इथेही झाकायचं.

बायोडाटात नोकरीपुढे लिहिलं होतं, सप्लाय चेन मॅनेजर. हा ईस्टर्न क्रीकच्या एका गोदामात फ्रोझन मालाची खोकी मोजायचा. त्यात वाईट काहीच नाही. पण मॅनेजर तो स्वतःच्या डब्याचासुद्धा नव्हता.

आता त्याच्या बाजूचं जेवढं आहे तेवढं सांगते, नाहीतर म्हणाल बाई खार खाऊन आहे. चोविसाव्या वर्षी स्टुडंट म्हणून आला. दोन खोल्यांत भरणाऱ्या कुठल्याशा कॉलेजात हॉस्पिटॅलिटी शिकला, म्हणजे रेस्टॉरंटमध्ये भांडी घासली आणि फी भरली. एका फ्लॅटमध्ये सात जण राहिले. सात वर्षांनी पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, मग सिटिझन झाला. यात त्याने कुणाचं वाकडं केलं नाही, कष्ट केले. तोपर्यंतचा यतिन माझ्याकडे आला असता तर मी त्याला चहा दिला असता.

सिटिझन झाल्यावर त्याला प्रतापची संगत लागली. प्रताप म्हणजे स्कोफिल्ड्सला दुमजली घर, नवरा-बायको दोघं आयटीत, आणि महिन्यातून दोन रविवार त्यांच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, बार्बेक्यू. मी तिथे एकदाच गेले. मटणाचे तुकडे परतता परतता ही मंडळी एकाच विषयावर येतात, की आपण टॅक्स भरतो आणि लोक सेंटरलिंकमध्ये, म्हणजे सरकारी मदतीच्या ऑफिसात, जाऊन फुकटचे पैसे उचलतात. नोकरी गेलेला, नवरा सोडून गेलेली, पाठ मोडलेला, सगळे एका पिशवीत. “मेट, धिस कंट्री इज टू सॉफ्ट,” प्रताप म्हणतो आणि बाकीचे माना डोलवतात. सगळ्यात जास्त मान यतिन डोलवायचा. ज्याला त्या डेकवर कसंबसं बोलावलं जातं, त्याला जास्त डोलवावी लागते.

त्या रविवारी मी उठून निघून आले. आमचे दीनानाथ गेले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, आणि मी चौदा महिने सेंटरलिंकवर काढले. तिचे शाळेचे बूट त्यातून आले. हे मी कधी लपवलं नाही, पण त्या डेकवर सांगण्याच्या लायकीचं कुणी दिसलं नाही.

तर, यतिनच्या गोदामात मशिनं आली आणि याची नोकरी गेली. तेरा वर्षं टॅक्स भरलेला माणूस. हक्काने सेंटरलिंकमध्ये गेला, नऊ महिने त्याला जॉबसीकरचे, म्हणजे बेकारभत्त्याचे, पैसे मिळाले, मग दुसऱ्या गोदामात लागला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण याने ते नऊ महिने रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून पॅरामाटाच्या लायब्ररीत जाऊन काढले. रूममेटला पत्ता नाही, प्रतापला पत्ता नाही. आणि रविवारी स्कोफिल्ड्सच्या डेकवर फुकट्यांना शिव्या घालण्यात याचा आवाज सगळ्यात मोठा.

मितालीचं स्थळ आलं ते याच नऊ महिन्यांत.

हे सगळं मला त्याने सांगितलं, कारण त्याला माझ्याकडून एक काम हवं होतं.

“शोभाताई, ते नऊ महिने दाखवायचे नाहीयेत,” तो म्हणाला. “प्रतापदादा म्हणतात, सेंटरलिंक घेतलेल्याला वाइफ स्पॉन्सर करता येत नाही. म्हणजे, मी मित्राचं म्हणून विचारलं त्यांना.”

“असा नियम नाही,” मी म्हटलं. “सेंटरलिंकवर असलेल्या बायकांच्या फाईली मी केल्यात. त्यांचे नवरे आले, संसार चाललेत. फॉर्ममध्ये नोकरीचं विचारलंय तिथे खरं लिही. टॅक्सच्या कागदात ते आहेच. खोटं लिहिलंस तर मात्र त्याच कारणाने अर्ज जाईल.”

मला वाटलं, याच्या जिवात जीव येईल. पण चेहरा तसाच.

“मग मिताली वाचेल,” तो म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अर्जाचं ऑनलाइन खातं मितालीने उघडलं होतं आणि दोघांचेही कागद तिथेच चढत होते. याला भीती सरकारची नव्हतीच. बायकोला कळेल ही भीती होती.

“सांगून टाक तिला. नोकरी गेली होती. जगात रोज जातात.”

“तुम्हाला नाही कळणार ताई. तिच्यासमोर माझी एक इमेज आहे.”

इमेज कसली होती ते मला दोन दिवसांत कळलं. त्याने लग्नाआधीपासूनच्या मेसेजेसमधली स्वतः निवडलेली चाळीस पानं ठेवली होती. चांगलीचुंगली पानं निवडायला हरकत नसते, पान पूर्ण असलं म्हणजे झालं. बरीचशी पानं सगळ्यांची असतात तशीच, जेवलीस का, थंडी आहे का, मीटिंगमध्ये आहे, मीटिंग संपली. मीटिंग म्हणजे जॉब एजन्सीने सक्तीने बसवलेला रेझ्युमे कसा लिहावा हा कोर्स, हे मला आता माहीत होतं. मी टाईप करत गेले.

मग सव्विसावं पान आलं. मितालीने लिहिलं होतं की तिचा धाकटा भाऊ रवींद्र तिच्याकडेच राहतोय. सूतगिरणीला टाळं लागलं, तो तिथे फिटर होता. आईवडील नाहीत, दोघंच भावंडं. आठ महिने झाले, काम मिळत नाहीये.

यतिनचं उत्तर: आठ महिने बसून खातोय?

मितालीने लिहिलं, बसून नाही हो, स्वयंपाक तोच करतो, माझा डबा तोच भरतो.

यतिन: म्हणजे बहिणीच्या जिवावर. इकडे असे लोक रोज बघतो मी. फुकटची सवय लागली की सुटत नाही. स्वाभिमान असता तर आपणहून गेला असता. लग्नानंतर मला हे चालणार नाही. आधी त्याला बाहेर काढ, मग तारीख धरू.

त्यानंतर दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मितालीचा मेसेज: सांगितलं त्याला. काही बोलला नाही. जाताना कुकर लावून गेला.

त्यावर याने अंगठा पाठवला होता. अंगठ्याखाली, प्राउड ऑफ यू.

मी तारीख बघितली. फॉर्मचा मसुदा काढून पुन्हा बघितली. त्या नऊ महिन्यांतला हा पाचवा महिना होता. त्या दिवशी याच्या पोटात जो घास होता तो कुणाचा होता, हे मला बोटाने दाखवता आलं असतं. मी उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली दुकानात जिलेब्या चालल्या होत्या. इतकी वर्षं लोकांचे खोटे पगार, खोटी वयं मी पाहिली आहेत, राग येत नाही. त्या दिवशी आला.

तो पानं न्यायला आला तेव्हा मी विचारलं, “हे सव्विसावं पान मुद्दाम निवडलंस?”

“हो ना,” तो खुशीत म्हणाला. “फॉर्ममध्ये विचारतात, हाउसहोल्डचे डिसिजन्स कसे घेता. यात क्लिअर दिसतं, आम्ही दोघं मिळून डिसाइड करतो.”

त्याने खरंच तसं समजून ते पान निवडलं होतं. चाळीस पानांत स्वतःचं हे पान त्याला सगळ्यात शोभून दिसलं होतं.

“तारीख बघ,” मी म्हटलं.

त्याने बघितली. त्याला काही कळलं नाही. मग कळलं, कारण कानाची पाळी लाल झाली.

“ताई, माझी केस वेगळी होती,” तो म्हणाला. “मी टॅक्स भरलाय.”

“त्यानेही बहिणीचा डबा भरलाय.”

“हे पेज काढून टाकू या.”

“टाक. तुझी फाईल आहे. पण मेसेज तिच्या फोनमध्ये आहे, आणि तारखा तुझ्या फॉर्ममध्ये.”

त्याने पान काढून घडी करून खिशात घातलं. मग आम्ही फोटोंच्या ओळी घ्यायला लागलो. सहा नंबरचा फोटो कानपिळीचा. पाटावर बसलेला यतिन, मुंडावळ्या, आणि एक जाडा तरुण हसत त्याचा कान पिळतोय. ऑफिसरला आपल्या चालीरीती आवडतात, हे याला डेकवरच कुणीतरी सांगितलेलं.

“हा मितालीचा भाऊ का?” मी विचारलं.

“कझिन ब्रदर आहे, नचिकेत. तुम्ही ब्रदर लिहा ना, सेमच आहे.”

“मावसभाऊ लिहीन. सख्खा कुठे होता?”

“नाही आला तो. असे लोक तोंड दाखवत नाहीत हो.”

अजूनही असे लोक. खिशात ती घडी आणि तोंडात असे लोक. मी मावसभाऊ लिहिलं, त्याच्याकडून हो म्हणवून घेतलं आणि शिक्का मारला.

फॉर्ममध्ये मात्र त्याने खरं लिहिलं. प्रामाणिकपणाने नाही, घाबरून. अर्ज खोटा ठरला तर पुढची काही वर्षं दारच बंद, हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. जाताना जिन्यात म्हणाला, “मिताली माझ्या सेक्शनमध्ये कशाला बघेल? नो वरीज.” लग्नाच्या आधीपासून हा माणूस त्या बाईशी रोज बोलत होता आणि ती काय काम करते हे त्याने नीट ऐकलेलं नव्हतं. मिताली सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कर्जाचे अर्ज तपासते. दुसऱ्याने भरलेला फॉर्म वाचणं हाच तिचा चौदा वर्षांचा धंदा.

तीन आठवड्यांनी दुपारी मला भारतातून फोन आला.

“शोभाताई का? मी सांगलीहून मिताली बोलतेय. तुमच्या शिक्क्यावर नंबर होता म्हणून केला. पाच मिनिटं आहेत का?”

मी हो म्हटलं, पण आधीच सांगितलं की तुमच्या यजमानांच्या कागदांबद्दल मला बोलता येणार नाही, तसा नियम आहे.

“त्यांच्याबद्दल नाही विचारत,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा, खिडकीपलीकडून बोलावं तसा. “फक्त माहिती हवी होती. सेंटरलिंक म्हणजे काय असतं? ह्यांनी सांगितलं की तो गव्हर्न्मेंटचा प्रोजेक्ट होता, नऊ महिन्यांचा.”

एका माणसाला इतक्या संधी मिळाव्यात आणि त्याने प्रत्येक वेळी तेच करावं.

“सेंटरलिंक काय आहे ते इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” मी म्हटलं. “त्यात गुपित काही नाही. नोकरी गेली, माणूस अडचणीत आला, की सरकार जगण्यापुरतं देतं. मी स्वतः घेतलंय, चौदा महिने.”

“घेताना लाज वाटली?”

“सरकारने वाटू दिली नाही. आपल्या लोकांनी प्रयत्न केला.”



“ते घेताना घर सोडावं लागतं का हो, ताई?”

“नाही,” मी म्हटलं. “उलट घर सुटू नये म्हणून देतात.”

“बरं,” ती म्हणाली. “थँक यू हं.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर दहा दिवसांनी यतिन आला. फुल शर्ट होता, इस्त्री नव्हती. हातात एकच कागद, रेघांच्या वहीतला, निळ्या शाईने लिहिलेला. मितालीने अर्ज मागे घ्यायचं ठरवलं होतं. खरं तर त्याला एक बटण दाबून चालतं, पण तिने याला कळवलं होतं की मी कारण लिहून पाठवतेय. त्याच ताईंकडून शिक्क्यासहित इंग्रजी करून आणा, तुमच्या हाताने खात्यात चढवा, मग मी बटण दाबते. फोन ती घेत नव्हती. आठवड्याभरात याचे सत्तावन्न कॉल झाले होते, हे त्यानेच सांगितलं.

“ताई, इंग्लिशमध्ये जरा जनरल करता येईल का? पर्सनल रीझन्स, एवढंच?”

“नाही.”

“तिला कुठे कळणार आहे?”

“ती फॉर्म वाचते, यतिन.”

तो खुर्चीत बसला. मी टाईप केलं, अर्धं पानही झालं नाही. तेवढा वेळ तो फोनमध्ये बघत होता. मग मी मूळ कागद हातात घेतला आणि नेहमीसारखा वाचायला सुरुवात केली.

“मी माझा व्हिसाचा अर्ज मागे घेत आहे. असंच आहे ना?”

“हो.”

“माझ्या पतींची नोकरी गेली होती, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी ते लपवलं, याबद्दलही मी अर्ज मागे घेत नाही. लपवलेलं मी बँकेत रोज वाचते.”

“हो.”

“माझ्या भावाची नोकरी गेली तेव्हा तो आठ महिने माझ्या घरी होता. पतींच्या सांगण्यावरून मी त्याला घराबाहेर काढलं. त्या दिवशी पती स्वतः सरकारच्या मदतीवर जेवत होते.”

इथे तो थांबला. मीही थांबले. मला घाई नव्हती. त्याने घसा खाकरला आणि मला वाटलं, आता हा माणूस निदान एकदा काहीतरी बोलेल. भावाबद्दल, नाहीतर बायकोबद्दल, नाहीतर स्वतःबद्दलच.

“ताई,” तो म्हणाला, “प्रतापदादांकडे हे कुणाला कळणार नाही ना?”

मी म्हटलं, “ओळ बरोबर आहे का सांग.”

“हो.”

“फोटो क्रमांक सहामध्ये पतींचा कान पिळणारा माझा मावसभाऊ आहे. तो मान माझ्या सख्ख्या भावाचा होता. तो त्या वेळी कुपवाडला एका गोदामावर वॉचमन होता आणि त्याला पत्रिका गेली नव्हती.”

“पाठवू नको असं मी म्हटलं नव्हतं,” यतिन म्हणाला. “मी फक्त म्हटलं, गरज काय.”

“ओळ?”

“हो.”

शेवटचं वाक्य मी जरा हळू वाचलं, त्याला नीट ऐकू यावं म्हणून.

“तुमच्या सरकारने कुणा परक्या देशातून आलेल्या माणसाला नऊ महिने सांभाळलं, त्याबद्दल मी आभारी आहे. मला माझ्या भावाला तेवढं सांभाळता आलं नाही. त्याला घरी आणायला मी उद्या कुपवाडला जात आहे.”

मी शिक्का शाईत दाबून हातात धरून ठेवला, कारण माझ्याकडे शेवटच्या ओळीलाही हो लागतं.